लॅपटॉप झोपायला साडेचार मिनिटं घेतो

मांडवीपार · ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी चोडणला राहते, काम पणजीत. डीटीपी करते: लग्नपत्रिका, जत्रेच्या पत्रिका, नाटकाची हँडबिलं. लॅपटॉप २०१८चा, विंडोज १०, एक टीबीची हार्डडिस्क. फेब्रुवारीत रॅम ४ची १२ जीबी करून घेतली.

साडेपाचला झाकण मिटते आणि फेरी गाठायला रायबंदरला पळते. पडदा लगेच काळा होतो, पण डाव्या बाजूचा बारीक पांढरा दिवा चालूच. पंखाही चालू. पूर्वी एवढा वेळ लागत नव्हता. काल फोनवर स्टॉपवॉच लावून बसले. स्लीपला ४ मिनिटं १० सेकंद, हायबरनेटला ४ मिनिटं ४० सेकंद. सकाळी उघडायला वर अडीच मिनिटं. स्कूटर काढून रायबंदरच्या वाटेला लागते तरी बॅगेत हा जागाच, आणि घरी पोचेपर्यंत बॅग गरम.

रोज शटडाऊन करायचं नाही, कारण पंधरा-वीस फाइल्स उघड्या असतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जायचं असतं. काय करू? फॉरमॅट सोडून काहीही सांगा.

सोलकढी · ९ जून, रात्री ९:५२

फॉरमॅट कर.

पुणेरी_टोमणा · ९ जून, रात्री १०:०५

गोव्याचा लॅपटॉप आहे दादा, सुशेगाद झोपणार. घाई कसली?

आबोली · ९ जून, रात्री १०:११

टोमणा, "राहते" लिहिलंय. ताई आहे ती. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या झोपेवर बोलू नये.

पुणेरी_टोमणा · ९ जून, रात्री १०:१३

क्षमा असावी ताई. पण म्हापशात मी भर दुपारी दोनला बॅटरीचे सेल शोधत फिरलोय, सगळी शटरं खाली. तेव्हा बरोबरीत सुटलो म्हणू.

तारमास्तर · १० जून, सकाळी ६:२०

मी निवृत्त माणूस. रोज रात्री साडेनवाला रीतसर शटडाऊन करतो, सकाळी ताजातवाना चालू करतो. या झोपा, डुलक्या आमच्या वेळी नव्हत्या. यंत्र बंद म्हणजे बंद. मांडवीपार बाई, फाइली सेव्ह करून बंद करायची सवय लावा, सगळे प्रश्न मिटतील.

फोंड्याचा_रिपेरवाला · १० जून, सकाळी ८:४५

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया, नाहीतर हा धागा शंभर प्रतिसाद जाईल आणि हाती काही लागणार नाही.

स्लीप म्हणजे सगळं रॅममध्येच राहतं, रॅमला थोडा करंट मिळत राहतो, बाकी सगळं बंद. याला तीन-चार सेकंद लागायला हवेत, डिस्क कितीही हळू असो. हायबरनेट म्हणजे रॅममध्ये जे आहे ते डिस्कवर एका फाइलीत लिहायचं आणि करंट पूर्ण तोडायचा. इथे डिस्कचा वेग आला. आम्ही याला एस-३ आणि एस-४ म्हणतो. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचे नियम केले, ही नावं तिथली.

म्हणून ताईंच्या आकड्यांत मला खटकतोय तो पहिला. हायबरनेटला वेळ लागला तर समजू शकतो. पण स्लीपलाही चार मिनिटं? म्हणजे तुमचं स्लीप हे नुसतं स्लीप नाही.

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए, असं टाका. काय येतं ते इथे लिहा.

सोलकढी · १० जून, सकाळी ९:०२

इथे देवनागरीच चालते म्हणून आता कमांडही देवनागरीत टाइप करायची काय रे?

फोंड्याचा_रिपेरवाला · १० जून, सकाळी ९:०६

पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी. झालं समाधान?

मांडवीपार · १० जून, रात्री ८:३०

टाकलं. उपलब्ध म्हणून चार नावं आली: स्टँडबाय एस-३, हायबरनेट, हायब्रिड स्लीप, फास्ट स्टार्टअप.

कुळागर · १० जून, रात्री ८:४१

सापडला चोर. हायब्रिड स्लीप. यात मशीन आधी हायबरनेटसारखी सगळी फाइल डिस्कवर लिहितं आणि मग एस-३मध्ये जातं. करंट गेला तरी डिस्कवरची प्रत शाबूत. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपसाठी ही सोय. लॅपटॉपवर मुळात बंद असते.

फोंड्याचा_रिपेरवाला · १० जून, रात्री ८:५५

कुळागर, दिशा बरोबर. पण त्या यादीत नाव आलं म्हणजे ते चालू आहे असं नव्हे, मशीनला जमतं एवढंच. चालू आहे का ते वेगळीकडे बघायचं. ताई: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तुमच्या प्लॅनसमोर चेंज प्लॅन सेटिंग्ज, खाली ॲडव्हान्स्ड, त्यात स्लीप, त्यात अलाऊ हायब्रिड स्लीप. बॅटरी आणि प्लग्ड इन, दोन्ही ओळी बघा.

मांडवीपार · १० जून, रात्री ९:१५

दोन्हीकडे ऑन!! आता आठवलं. मे महिन्यात चार-पाच वेळा लाइट गेली आणि एका पत्रिकेचं काम उडालं, तेव्हा भाच्याने कुठलासा व्हिडिओ बघून "मावशी, आता लाइट गेली तरी काही होणार नाही" म्हणत काहीतरी केलं होतं.

ऑफ केलं. स्लीप: ६ सेकंद. देव बरें करूं!

हायबरनेट मात्र तेवढंच. ४ मिनिटं ३५.

आबोली · १० जून, रात्री ९:२०

भाच्याची चूक नाही हं. लाइट जायची म्हणून केलं बिचाऱ्याने.

कुळागर · १० जून, रात्री ९:२२

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते ना पण. लाइट गेल्याने त्याला काय फरक?

मांडवीपार · १० जून, रात्री ९:३०

बॅटरी पंधरा मिनिटं टिकते. 🙈

कुळागर · १० जून, रात्री ९:३१

मग भाचा हुशार निघाला. माझे शब्द मागे.

वाळपईचा_पाऊस · १० जून, रात्री ९:४८

आमच्याकडे पाऊस सुरू झाला की लाइटचा आणि माझा संबंधच तुटतो. जंगलातून येणाऱ्या तारा, एक फांदी पडली की सत्तरी तालुक्याचा अर्धा भाग काळोखात. त्यामुळे मी लो बॅटरीवर हायबरनेट लावून ठेवलंय. क्रिटिकल बॅटरी ॲक्शन म्हणून जे असतं ते. पण बॅटरीच म्हातारी असेल तर भरवसा नाही, १२ टक्के दाखवते आणि पुढच्या क्षणी मरते. मी ती मर्यादा ५वरून २० टक्क्यांवर नेली. ताई, तुम्हीही न्या.

बाकी "हायबरनेट"ला मराठीत काय म्हणायचं? शीतनिद्रा?

आबोली · १० जून, रात्री ९:५५

शीत कुठली आपल्याकडे! आमच्या शेतातला बेडूक बघ, तो उन्हाळाभर मातीत निजतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की बाहेर. ग्रीष्मनिद्रा म्हणतात तिला. आणि उठायला अडीच मिनिटं घेत नाही. पिवळाजर्द होऊन लगेच डरांव डरांव.

सोलकढी · १० जून, रात्री १०:०१

आणि काही लोक टॉर्च घेऊन त्याच्या मागे. 😋

आबोली · १० जून, रात्री १०:०४

सोलकढी, बेडूक मारणं गुन्हा आहे, १९७२चा वन्यजीव कायदा लागतो त्याला. इथे लिहून पुरावा सोडू नकोस.

फोंड्याचा_रिपेरवाला · ११ जून, सकाळी ९:१०

बेडूक झाले असतील तर हायबरनेटकडे येतो.

हिशेब सोपा आहे. हायबरनेटची फाइल विंडोज १०मध्ये मुळात रॅमच्या ४० टक्के ठेवलेली असते. हायबरफिल नावाची, सी ड्राइव्हवर लपलेली. ४ जीबी रॅम होती तेव्हा ती १.६ जीबी. १२ झाल्यावर ४.८. म्हणजे रॅम वाढवली तेव्हा लिहायचं ओझंही तिप्पट होऊ शकतं. दर वेळी पूर्ण भरत नाही, तुम्ही किती काय उघडं ठेवलंय त्यावर आहे, पण डीटीपी आणि ब्राउझर दोन्ही उघडं असेल तर भरतच असणार.

आता लॅपटॉपची ५४०० आरपीएमची हार्डडिस्क धडधाकट असेल तर सेकंदाला ८० ते १०० एमबी सलग लिहिते. ४.८ जीबीला धरा ५०-६० सेकंद. डिस्कच्या आतल्या बाजूला वेग कमी होतो, म्हणून दीड मिनिट धरा, दोन धरा. साडेचार मिनिटं म्हणजे सेकंदाला सतरा-अठरा एमबी. एवढी हळू धडधाकट डिस्क नसते.

ताई, दोन कामं करा. एक, दोन-तीन जीबीची एखादी फाइल त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि वेग किती येतो बघा. दोन, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा, डिस्कच्या तब्येतीचा रंग निळा की पिवळा ते सांगा. आणि रात्री शांततेत हायबरनेट लावून की-बोर्डच्या उजव्या तळव्याजवळ कान लावा.

पुणेरी_टोमणा · ११ जून, सकाळी ९:२५

स्टेथोस्कोप लावू का?

रापणकार · ११ जून, सकाळी ११:३०

मी हे सगळं विंडोज सोडून लिनक्सवर गेलो. तिथे एका फाइलीत बघितलं की कळतं, एस-टू-आयडल (हलकी झोप) की डीप, चौकटी कंसात असेल ते चालू. डीप केलं की झोप गाढ. बास.

कुळागर · ११ जून, सकाळी ११:४४

आणि हायबरनेट, रापणकार बाब? उबुंटूच्या मेनूत तर तो पर्यायच नसतो मुळात.

रापणकार · ११ जून, दुपारी १२:१०

… त्याला स्वॅप, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा, मोठी लागते. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रिझ्यूमची ओळ घालावी लागते. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल हायबरनेट करूच देत नाही, तो बंद करावा लागतो. एक रविवार जातो. पण एकदा झालं की झालं.

कुळागर · ११ जून, दुपारी १२:१२

"बास" म्हणे.

रापणकार · ११ जून, दुपारी १२:१५

रविवारी नाहीतरी काय करतोस? मासेमारी बंदी चालू आहे, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर नाहीत, विसवण मिळायचं नाही. बस ग्रब एडिट करत.

आबोली · ११ जून, दुपारी १:०५

माझी तक्रार उलटी आहे, इथेच विचारते. नवा पातळ लॅपटॉप, एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क), झाकण मिटलं की एका सेकंदात झोपतो, उघडलं की एका सेकंदात जागा. पण मडगावहून पणजीला बसने येईपर्यंत बॅगेत इतका तापतो की डब्यातलं हुमण परत गरम करायला नको. सकाळी ८० टक्के, संध्याकाळी ५५.

कुळागर · ११ जून, दुपारी १:२०

तुझ्यात एस-३ नसणारच. तीच कमांड टाकून बघ, स्टँडबाय एस-० लो पॉवर आयडल येईल. मॉडर्न स्टँडबाय. फोनसारखं: पडदा बंद, पण आतून मेल तपासणं, अपडेट, नेटवर्क चालूच. तो एका डोळ्याने जागा असतो. पॉवरसीएफजीला स्लीपस्टडी जोडून चालव, एक अहवाल तयार होईल, झोपेत कोणी किती बॅटरी खाल्ली ते नावानिशी कळतं.

नाहीतर बॅगेत घालायच्या आधी सरळ हायबरनेट. तुझ्या एसएसडीला दहा सेकंदही लागायचे नाहीत. मेनूत पर्याय दिसत नसेल तर "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू"मध्ये जाऊन टिक कर. झाकण मिटल्यावर काय व्हावं तेही शेजारीच ठरवता येतं.

आबोली · ११ जून, रात्री ८:४०

बरोब्बर, एस-०च निघालं. स्लीपस्टडीत सगळ्यात वर वायफायचं कार्ड. झाकणाला हायबरनेट लावलं, आज बॅग थंड. हुमण पण थंड. 😄

तारमास्तर · १२ जून, सकाळी ६:१५

सगळं वाचलं. माझा सल्ला तोच. शटडाऊन करा.

कुळागर · १२ जून, सकाळी ८:३०

काका, रागावू नका पण एक विचारतो. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. खाली अपटाइम, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे ते, लिहिलेला असतो. किती दिसतो?

तारमास्तर · १२ जून, सकाळी ८:५८

२३ दिवस ४ तास. हे कसं शक्य आहे? काल रात्री साडेनवाला मी स्वतःच्या हातांनी बंद केलाय!

कुळागर · १२ जून, सकाळी ९:०४

फास्ट स्टार्टअप, काका. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून आहे. तुम्ही शटडाऊन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेटच होतो. सकाळी तोच उठतो. गेले तेवीस दिवस तुम्ही रोज अर्धं हायबरनेट करताय. रीस्टार्ट केलं किंवा शिफ्ट धरून शटडाऊन दाबलं तरच तो खरा बंद.

सोलकढी · १२ जून, सकाळी ९:१०

🤣🤣🤣 मास्तर, तुम्हीच सगळ्यात जास्त झोपवताय!

तारमास्तर · १२ जून, सकाळी ९:३२

हसा. १४ जुलै २०१३ला देशातली शेवटची तार गेली, तेव्हाही लोक हसत होते. आमचं यंत्र बंद केलं की बंद व्हायचं, खोटं बोलत नसे.

शिफ्ट नेमकी कुठली? डावी की उजवी?

कुळागर · १२ जून, सकाळी ९:३४

कुठलीही, काका.

मांडवीपार · १३ जून, रात्री १०:१५

उशीर झाला, शनिवारचं काम आलं होतं.

कॉपीचा वेग: सुरुवातीला ७०च्या आसपास, मग घसरत घसरत ८वर आला आणि तिथेच रेंगाळला. मध्येच शून्य, परत ८.

क्रिस्टलडिस्कइन्फो: पिवळा. कॉशन लिहिलंय. सी-५ नावाच्या ओळीसमोर पिवळा ठिपका आणि शेवटच्या रकान्यात पुष्कळ शून्यांनंतर इंग्रजीत एसी. एसी म्हणजे काय? लॅपटॉपला एसीत ठेवायचं का?

आणि कान लावला. एकसारखी खर्र खर्र अशी असते ना, तशी नाही. खर्र… टक्. मग काहीच नाही. परत खर्र… टक् टक्.

सोलकढी · १३ जून, रात्री १०:१८

एसीत ठेवा 😂😂 आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

फोंड्याचा_रिपेरवाला · १३ जून, रात्री १०:४०

सोलकढी, हसण्यासारखं नाही. ताईंना कसं कळणार?

ताई, तो आकडा सोळाच्या पाढ्यात लिहिलेला असतो. ए म्हणजे १०, सी म्हणजे १२. दहा सोळे १६० अधिक १२, झाले १७२. सी-५ म्हणजे डिस्कचे असे तुकडे जे वाचताना अडले आणि ज्यांचा निकाल डिस्कने अजून लावलेला नाही. तुमचे असे १७२ आहेत. हा आकडा शून्य असायला हवा. अशा जागी पोचली की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तेच ते टक् टक्. म्हणून सकाळी उघडायलाही अडीच मिनिटं.

आता लक्ष देऊन वाचा. आज रात्री पत्रिकांच्या फाइल्स, फॉन्ट, घरचे फोटो, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या. तोवर हायबरनेट करू नका, डीफ्रॅग करू नका आणि कोणी चेकडिस्क चालवा म्हणालं तर ऐकू नका. चेकडिस्क सगळी डिस्क उलथीपालथी करतं, मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढाच धक्का पुरतो. प्रत हाती आल्यावर काय ते करा.

सोलकढी · १३ जून, रात्री १०:४४

मी चेकडिस्कच सांगणार होतो. गप्प बसतो.

कुळागर · १३ जून, रात्री १०:५०

म्हणजे भाच्याचं हायब्रिड स्लीप नसतं तर डिस्क खराब झाल्याचं कळलंच नसतं?

फोंड्याचा_रिपेरवाला · १३ जून, रात्री ११:०५

कळलं असतं, एक दिवस चालू झाला नसता तेव्हा.

आणखी एक सांगतो, हा माझा अंदाज आहे. ताई साडेपाचला झाकण मिटून बॅगेत घालतात, स्कूटर काढतात, रायबंदरच्या रस्त्याला लागतात. या सगळ्या वेळात डिस्क लिहीत असते. हार्डडिस्क फिरत असताना तिचं लिहिणारं-वाचणारं डोकं फिरत्या तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. बंद असताना ते बाजूला पार्क होतं. चालू असताना धक्का सोसायची ताकद बंद असतानाच्या निम्म्याहूनही कमी. रोज चार मिनिटं, मे महिन्यापासून. माझ्या टेबलावर येणाऱ्या मेलेल्या डिस्का बऱ्याचशा अशाच बॅगेत जाग्या राहिलेल्या असतात.

म्हणून ज्यांची अजून हार्डडिस्क आहे त्यांनी दिवा विझेपर्यंत हात लावू नका. फेरी चुकली तर दुसरी येते.

मांडवीपार · १३ जून, रात्री ११:१२

आता पोटात गोळा आला. कॉपी लावलीय. २८० जीबी आहे.

आबोली · १३ जून, रात्री ११:१५

ताई, फोटो आणि फॉन्ट आधी. मोठे व्हिडिओ शेवटी.

वाळपईचा_पाऊस · १३ जून, रात्री ११:२०

आणि चार्जर लावून ठेवा, खिडकीबाहेर वीज कडाडत नसेल तर.

मांडवीपार · १४ जून, सकाळी ७:०५

रात्रभर जागी. पहाटे चारला संपलं. एक फोल्डर अडकला, जुन्या शिगम्याचे फोटो, त्यातले ११ गेले. बाकी सगळं आलं.

आबोली · १४ जून, सकाळी ७:२०

हुश्श.

मायमोळें · १५ जून, दुपारी ३:१०

इथे झोपेचे डॉक्टर आहेत म्हणून विचारतो. आमच्या भजनी मंडळाचा लॅपटॉप आपोआप झोपतच नाही. वीस मिनिटांवर लावलाय, रात्रभर जागा. व्हायरस का?

कुळागर · १५ जून, दुपारी ३:४०

ॲडमिनचा प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, रिक्वेस्ट्स. कोण जागं ठेवतंय त्याचं नाव येतं.

मायमोळें · १५ जून, रात्री ८:१०

"ऑडिओ स्ट्रीम इज करंटली इन यूज" असं आलं. पण काही वाजत नव्हतं हो.

नंतर सापडलं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर खाली उघडं राहिलेलं आणि त्याने माइक धरून ठेवलेला. ते बंद केलं, वीस मिनिटांनी पठ्ठ्या झोपला. मंडळातले म्हणतात, भजन ऐकल्याशिवाय झोपत नव्हता.

पुणेरी_टोमणा · १५ जून, रात्री ८:१५

आमच्याकडे उलट आहे, भजन सुरू झालं की झोपतात.

रापणकार · १६ जून, सकाळी १०:००

मांडवीपार बाय, एसएसडी घेताना बघ. २०१८चा लॅपटॉप आहे, अडीच इंची साटा जागा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) नक्की असणार. साटाचा वेग साडेपाचशे एमबीच्या वर जात नाही, म्हणून महागाची घेण्यात अर्थ नाही. ५०० जीबी पुरे. आणि विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलेत, तेव्हा नवीन टाकतेच आहेस तर लिनक्स…

कुळागर · १६ जून, सकाळी १०:०३

रापणकार, तिला डीटीपीचं काम आहे. सोड तिला.

मांडवीपार · १६ जून, रात्री ९:००

एक शंका. एसएसडीवर जास्त लिहिलं की झिजते म्हणतात ना? मग रोज हायबरनेट केलं तर?

फोंड्याचा_रिपेरवाला · १६ जून, रात्री ९:२५

रोज ४.८ जीबी लिहिलं तरी वर्षाला पावणेदोन टीबी. ५०० जीबीच्या साध्या एसएसडीची हमी दीडशे ते तीनशे टीबी लिहिण्याची असते. लॅपटॉपचं झाकण आधी तुटेल.

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करू नका, खराब डिस्कवरून क्लोन अर्ध्यात लटकतो. नव्याने विंडोज टाका, फाइल्स परत घ्या. आणि बॅटरीही बदला. पंधरा मिनिटांच्या बॅटरीवर स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप म्हणजे उघड्या खिडकीतली समई.

सोलकढी · १६ जून, रात्री ९:३०

नव्याने विंडोज टाका म्हणजे फॉरमॅटच की! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

फोंड्याचा_रिपेरवाला · १६ जून, रात्री ९:३३

प्रत न घेता. २८० जीबी घालवून बसली असती ती तुझ्यामुळे.

मांडवीपार · २ जुलै, रात्री ८:५०

आले परत. एसएसडी बसवली, बॅटरी नवी. रॅम तीच १२.

स्टॉपवॉच: स्लीप ३ सेकंद. हायबरनेट १४ सेकंद. उघडायला १९. हायब्रिड स्लीप ऑफच ठेवलंय. झाकणाला स्लीप, आणि तीस मिनिटांनी हायबरनेट.

आज मुद्दाम फेरीत उभी राहून बॅगेत हात घातला. गार. दिवाही विझलेला. जुनी डिस्क भाच्याने मागून नेलीय, उघडून आतलं चुंबक काढायचंय म्हणे.

एकच राहिलंय. काल रात्री दोनला लॅपटॉप आपोआप जागा झाला, खोलीभर उजेड.

कुळागर · २ जुलै, रात्री ९:०५

पॉवरसीएफजीला लास्टवेक लाव, कोणी उठवलं ते सांगेल. माउस असेल किंवा अपडेटचा गजर. गजर असेल तर त्याच ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये अलाऊ वेक टायमर्स बंद कर. माउस असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची उठवायची परवानगी काढ.

मांडवीपार · २ जुलै, रात्री ९:४०

माउस. मांजर टेबलावर चढते रात्री.

तारमास्तर · ३ जुलै, सकाळी ६:१०

शिफ्ट दाबून बंद केला होता. आज अपटाइम ० दिवस ० तास ६ मिनिटं. पण आता प्रिंटर सापडत नाही म्हणतोय. तेवीस दिवस सापडत होता.

कुळागर · ३ जुलै, सकाळी ८:४०

काका, त्याला नवा धागा काढा.

तारमास्तर · ३ जुलै, सकाळी ८:५५

तो कुठून काढायचा?